वर येत गेलेली गल्ली

त्याला सगळे बोरकर म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. तो बोअर पाडायचा. मशीन घेऊन गावोगाव हिंडायचा आणि पाण्यासाठी जमिनीत भोकं पाडून द्यायचा. शिवाय चहाच्या टपरीवर एखादा माणूस तावडीत सापडला, की कुठल्या बोअरला कसला दगड लागला, कुठे भोक पाडणारं बिट अडकलं, कुठे नुसता धुरळाच वर आला, हे त्याला इत्थंभूत ऐकवायचा. बोअर पाडतो आणि वर बोअर करतो, तेव्हा हा बोरकरच, असं त्याच्या थोरल्या भावानं एकदा भर पंगतीत म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

थोरला भाऊ म्हणजे दादा. त्याचं शिलाईचं दुकान होतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून मशीनवर पाय ठेवला आणि धाकट्याला वाढवलं. पुढे दोघांची लग्नं झाली, तेव्हा घराच्या मधोमध एक भिंत घातली. भिंत नावालाच होती. अलीकडे भाजीला फोडणी पडली की पलीकडून वहिनी विचारायची, आज काय बेत. बोरकरचा सदरा फाटला तर बायको तो भिंतीवरच्या झरोक्यातून पलीकडे सरकवायची, आणि संध्याकाळपर्यंत तो शिवून परत यायचा. दोघांना एकेक लेक होती, दोघी लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या.

गल्ली लहानशी होती, समोरासमोर घरं आणि शेवटी एक मोकळी जागा. त्या जागेला लागून मास्तरीणबाई राहत. दोघा भावांना त्यांनीच मुळाक्षरं शिकवली होती. आता त्या निवृत्त होत्या, एकट्या होत्या, आणि गल्लीतल्या कुणाचंही बोलण्यात व्याकरण चुकलं तर अजून खिडकीतून दुरुस्त करत.

गल्लीला पाण्याचा ताप होता. नळ यायचा तो करंगळीएवढ्या धारेनं. बायका बादल्या लावून ताटकळत उभ्या राहायच्या. जगाला पाणी काढून देतोस आणि आम्ही इथं थेंबाला महाग, हे बोरकरनं इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याला त्याची लाज वाटायची बंद झाली होती. शेवटी मास्तरीणबाईंनी त्याला हाक मारली. त्यांच्यानं आता बादली उचलवत नव्हती. त्यांनी तेवढंच सांगितलं. त्यानं मान खाली घातली, आणि पुढच्या दोन कामांच्या मधे मशीन गल्लीत आणून उभं केलं.

बोअर मोकळ्या जागेत घ्यायचा ठरला. सगळी गल्ली बघायला जमली. वरच्या थरात पाणी लागलं, पण ते कडूशार निघालं. जिभेवर ठेवलं की तोंड वाकडं व्हायचं. इथंच थांबावं की खाली जावं, असा प्रश्न आला. दादा म्हणाला, एवढं केलंयस तर जा की खाली. बोरकर खाली गेला. चिकणमाती लागली, मग एक करडा, घट्ट, कोरडाठाक दगड लागला. त्याचा भुगा पिठासारखा उडाला. पोरांची डोकी पांढरी झाली, सगळे हसले. असला दगड बोरकरनं पूर्वी पाहिला नव्हता, आणि त्याला त्याचं कौतुकच वाटलं. त्यातून पार झाल्यावर मात्र पाणी असं दाबानं वर आलं, की ते भोकातून आपोआप तोंडापर्यंत चढलं. ते गोड होतं. मास्तरीणबाईंनी ओंजळ भरून प्यायलं आणि भर गल्लीत त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानं नेहमीसारखं पाइप खालपर्यंत घातलं, पंप बसवला, आणि दुसऱ्या दिवशी मशीन दुसऱ्या गावाला निघून गेलं. पाइपाच्या बाहेरून, दगडाच्या भोकात जी फट राहते, ती खालपर्यंत सिमेंटनं बुजवायला हवी होती. मोठ्या कामांत ती बुजवत. घरगुती बोअरला कुणीच बुजवत नसे, आणि कुणी मागतही नसे. त्याच्या मनात तेव्हा तो विचार आला होता का? पुढे त्यानं स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. कधी वाटायचं, आला होता. कधी वाटायचं, हे आपण मागाहून रचतोय.

वर्षभर गल्ली सुखात होती. बोरकरनं गच्चीवर मोठी टाकी बसवली आणि तिचा एक नळ भिंतीपलीकडे वहिनीच्या मोरीत काढून दिला.

पहिला तडा मधल्या भिंतीला गेला. केसाएवढा होता. दादानं तो चुन्यानं भरला. काही दिवसांनी तो पुन्हा उघडला, आणि या वेळी त्याच्यात नख जात होतं. मग दादाचं कपाट आपोआप उघडायला लागलं. जमिनीवर ठेवलेलं दोऱ्याचं रीळ गडगडत दाराशी जायचं. दादाचं म्हणणं, हे सगळं टाकीच्या वजनानं होतंय, भिंत खचतेय. बोरकरचं म्हणणं, टाकी तिच्या स्वतःच्या खांबांवर आहे, भिंतीचा संबंधच नाही, तुझ्याच बाजूला गटार तुंबलंय. आधी हे हसतखेळत चाललं होतं, मग वहिनी आणि बायको त्यात पडल्या, आणि एक दिवस दादा म्हणाला की टाकीचा हट्ट सोड, माझं घर मी डोळ्यांदेखत पडू देणार नाही. बोरकर तापट नव्हता, पण त्या दिवशी तो म्हणून गेला, की तुझं घर कसलं, अर्धं घर.

ज्याच्या जिवावर आपण मोठे झालो त्याला आपण असं बोललो, हे त्याला तोंडातून शब्द निघताच कळलं. संध्याकाळी त्यानं टाकी रिकामी केली आणि गच्चीवरून खाली उतरवली. तडा काही थांबला नाही. पण टाकी उतरवली म्हणजे चूक कबूल केली, असा दादानं अर्थ घेतला, आणि दोघांचं बोलणं तुटलं. झरोक्याला पलीकडून पुठ्ठा लागला.

एव्हाना समोरच्या घराच्या पायऱ्या दुभंगल्या होत्या. दारं चौकटीत रुतायला लागली. गटाराचं पाणी उलट्या दिशेनं वाहायला लागलं. तेव्हा कुठे कुणीतरी तक्रार केली, आणि सरकारी खात्यातून एक बाई आल्या. गल्लीनं त्यांचं नाव भूगर्भबाई ठेवलं. वय फार नव्हतं, आवाज हळू होता. त्यांनी जागोजागी खिळे ठोकले, तिपाईवर दुर्बीण लावली, आकडे घेतले. पुन्हा आल्या, पुन्हा घेतले. तिसऱ्या खेपेला त्यांनी सगळ्यांना मोकळ्या जागेत बोलावलं.

त्या म्हणाल्या की घरं खचत नाहीयेत. उलट जमीन वर येतेय, आणि सगळ्यात जास्त बोअरपाशी येतेय.

जमीन खाली जाते हे सगळ्यांनी ऐकलं होतं. ती वर येते हे ऐकून एक जण हसलासुद्धा.

बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. खाली जो करडा दगड आहे तो जिप्समच्या जातीचा आहे, पण त्यात पाणी नाही. जिप्समच्या अंगात पाणी असतं. डोळ्यांना ओलं दिसत नाही, पण दगडाच्या कणाकणात ते बांधलेलं असतं. हा दगड लाखो वर्षं कोरडा पडून होता. त्याच्या खालचं पाणी दाबाखाली होतं, पण मधे वाट नव्हती. आता बोअरच्या पाइपाबाहेरच्या फटीतून ते पाणी दगडात शिरलं. दगड ते पाणी अंगात घेतो आणि त्याचा जिप्सम होतो, आणि होताना फुगतो. नुसता ओला होऊन फुगला असता तर सुकून बसला असता. हा तसा बसत नाही. तो दगडच बदलतो.

“म्हणजे बोअर बंद केला की थांबेल?” कुणीतरी विचारलं.

“फट बुजवली तर वेग कमी होईल,” त्या म्हणाल्या. “आत गेलेलं पाणी आता बाहेर काढता येणार नाही.”

बोरकर तिथंच उभा होता. पायाखालची जमीन सरकली असं माणसं म्हणतात; त्याची वर येत होती, आणि ती त्यानंच आणली होती. सगळे त्याच्याकडे बघतील म्हणून तो वाट पाहत राहिला. कुणी बघितलं नाही. समोरच्या घरातल्या बाईनं तर सांगितलं, की आम्हीच मागे लागलो होतो, त्याचा काय दोष. फक्त दादा जवळ आला. कितीतरी दिवसांनी तो धाकट्याशी बोलला.

“तुझी टाकी नव्हती तर,” दादा म्हणाला. आणि घरात गेला.

फट बुजवायचं काम बोरकरनं स्वतः केलं. खात्याची माणसं आली होती, पण त्यानं त्यांना हात लावू दिला नाही. पंप उपसून काढला, पाइप खेचलं, तळापासून वरपर्यंत सिमेंट दाबून भरलं. बायका लांबून बघत होत्या. गोड पाणी बंद झालं आणि बादल्यांची रांग पुन्हा करंगळीएवढ्या नळाला लागली. जमिनीचं वर येणं मंदावलं, पण थांबलं नाही.

मग घरं रिकामी व्हायला लागली. खात्याचा माणूस येऊन दारावर लाल खूण करायचा आणि लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत खोल्या मिळायच्या. दादानं खोली घेतली नाही. तो लेकीकडे, दुसऱ्या गावाला गेला. सामान भरताना बोरकर शिलाई मशीन उचलायला पुढे झाला, तर दादानं हमालाला हाक मारली. गाडी सुटताना वहिनीनं फक्त डोळ्यांनी निरोप घेतला.

बोरकरनं बोअरचं मशीन विकलं. हाताला काम नव्हतं, म्हणून तो गल्लीत राहिलेल्यांची दारं दुरुस्त करू लागला. चौकट तिरकी झाली की दार अडकायचं. तो रंधा घेऊन जायचा, दाराची कड तासायचा, बिजागऱ्या हलवायचा, आणि दार पुन्हा उघडमीट व्हायला लागायचं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. छतांना टेकू लावायचा. कुणी पैसे देऊ केले तर त्याच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की देणारा हात मागे घ्यायचा.

शेवटी दोनच घरांत माणसं उरली. बोरकर आणि त्याची बायको, आणि मास्तरीणबाई. बाईंच्या मागच्या दाराला भिंतीचा टेकू आडवा आला होता, ते कायमचं बंद होतं. जाण्यायेण्याला पुढचंच दार. त्यांच्या दारावर लाल खूण झाली, तेव्हा त्यांनी बोरकरला बोलावून घेतलं. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळत होती.

“तू सांग. जाऊ की राहू?”

याचं एकच उत्तर होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. जा, म्हणायला हवं होतं. पण त्यानं त्या घराकडे पाहिलं. याच ओट्यावर पाटी घेऊन तो आणि दादा बसायचे. आपल्यामुळे गल्लीतलं हेही घर रिकामं व्हायचं, हे त्याला सोसेना.

“राहा बाई,” तो म्हणाला. “दार मी बघतो.”

त्या राहिल्या. त्यांचाही जीव तिथं गुंतलेला होता. त्यांनी तेच उत्तर ऐकायला त्याला बोलावलं होतं, असं पुढे त्याची बायको म्हणायची. ते खरंही असेल.

दार तो खरोखर बघत होता. सकाळी उठला की आधी बाईंच्या दाराला हात लावून बघायचा. त्याच सुमारास वहिनीचा निरोप आला, की दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, जमलं तर ये, मी सांगितलं असं म्हणू नकोस. बोरकरला हायसं वाटलं. त्यानं जाण्यापूर्वी बाईंचं दार पाहिलं. जरा घासत होतं. आल्यावर तासू, असं म्हणून तो एसटीत बसला.

ऑपरेशन होऊन दादा लेकीच्या घरी आला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. बोरकर कॉटजवळ जाऊन उभा राहिला. दादाला चाहूल लागली, कोण आहे म्हणून त्यानं विचारलं. मी, असं तो म्हणाला. दादानं पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाला, की आलास, बरं केलंस, जेवून जा. तेवढंच. बोरकर जेवला, रात्री तिथंच राहिला. दादा भिंतीकडे तोंड करून पडून होता. सकाळी निघताना बोरकरनं त्याच्या पायांना हात लावला, तर दादानं पाय आक्रसून घेतले. झोपेत घेतले की जागेपणी, ते पट्टीमुळे कळलं नाही.

तो परत आला तेव्हा दुपार झाली होती. बाईंचं दार मोडून बाजूला टाकलेलं होतं. पहार तशीच उंबऱ्यावर पडली होती. ओट्यावर बायको बसली होती आणि तिच्या दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती.

तिनं सांगितलं ते असं. सकाळी बाईंनी खिडकीतून हाक मारली. छातीत दुखतंय म्हणाल्या. बायको धावली, तर दार उघडेना. आतून कडी काढलेली होती, दार चौकटीत आवळलं गेलं होतं. बायकोनं खांदा लावला, लाथा मारल्या. गल्लीत हाक मारायला कुणी नव्हतं. ती मुख्य रस्त्यापर्यंत पळाली, एका टेम्पोवाल्याला सांगितलं, तो माणसं आणि पहार आणायला गेला. ती परत खिडकीशी आली. बाईंची खाट खिडकीला लागूनच होती. गजांमधून हात जात होता. तिनं बाईंचा हात धरला.

“काय म्हणाल्या?” बोरकरनं विचारलं.

“पाणी मागितलं. पेला गजातून जाईना. ओंजळीनं पाजलं थोडं.”

“आणि?”

“तुझी वाट बघत होत्या. दार तो बघेल म्हणाल्या.”

माणसं आली, दार फोडलं, तोवर हात गार पडला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, की झटका मोठा होता, दवाखान्यातही वाचल्या असत्या असं नाही. हे ऐकून ज्याला धीर यायचा त्याला येवो. बोरकर ते ऐकत होता आणि मान हलवत होता, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

बाईंचं सगळं आटोपल्यावर तो पोलीस चौकीत गेला. तिथं जाऊन त्यानं पहिल्यापासून सांगितलं. बोअर, फट, राहा बाई म्हणाला ते, घासणारं दार सोडून गेला ते. फौजदारानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भला माणूस होता. त्यानं विचारलं, की मग तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे? बोरकर म्हणाला, माझ्याविरुद्ध. फौजदारानं पेन खाली ठेवलं. यात गुन्हा असा कुठला होत नाही, तो म्हणाला, तुम्ही घरी जा. कुठल्या घरी, असं बोरकरच्या ओठांवर आलं होतं. तो उठला आणि घरी गेला.

नव्या इमारतीत त्यांना खोली मिळाली. भिंती सरळ होत्या, दारं अलगद लागायची. बोरकरला तिथं झोप येत नसे. बायकोनं वर्षभर काढलं. ती त्याला कधी एका शब्दानं बोलली नाही, पण तिचा हात त्याच्या हाताला लागला की ती काढून घ्यायची, आणि तिला ते समजतही नव्हतं. मग ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच राहिली. बाळ लहान आहे, म्हणायची. बाळ चालायला लागलं तरी म्हणायची. दादा त्याआधीच गेला होता. निरोप उशिरा आला. उशिरा धाडला असंही असेल.

गल्ली पाडली. भोवती तारेचं कुंपण आलं. आत नुसतं मैदान, मधोमध फुगवटा, भाकरीसारखा वर आलेला. भूगर्भबाई अजून मोजायला येतात. त्यांच्या हाताखाली माणूस नाही, म्हणून बोरकर पट्टी धरायला जातो. कुणी सांगितलेलं नाही. खिळ्यावर पट्टी उभी धरायची, ती हलू द्यायची नाही, बाई दुर्बिणीतून बघतात आणि लिहून घेतात. तो बोलत नाही. पूर्वी माणसांना जेरीस आणणारा हाच, हे बाईंना सांगून खरं वाटणार नाही.

परवा त्यानं विचारलं. इतक्या खेपांत प्रथमच.

“बाई, थांबणार कधी हे?”

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. खोटं सांगायचं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्या जरा थांबल्या.

“खालचा कोरडा दगड संपला की.”

“आणि तो किती आहे?”

“पुष्कळ आहे हो,” त्या म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. पट्टी उचलली आणि पुढच्या खिळ्याकडे गेला.